मैथिलीच्या दाढा

नाही नाही, चक्कर नाही आली काका — बसा तुम्ही, बाक काय माझ्या एकट्याचा आहे का. पाणी नको... बरं, द्या, एक घोट. ऊन लागलं असेल जरा, दुसरं काय. ऑफिसमधून फोन आलेला, तो घ्यायला खाली उतरलो — वर क्लिनिकमध्ये नीट ऐकू येत नाही ना, पोरं रडत असतात — आणि मग म्हटलं बसू जरा. हां, तेच, पहिल्या मजल्यावरचं, काचेवर हत्ती काढलाय बघा हातात ब्रश घेतलेला. लहान मुलांच्या दातांचं आहे. माझी मुलगी आहे आत, मैथिली, चौथीत आहे. आणि तुमचं कोण? — मिसेस. डोळ्यांच्या डॉक्टरकडे, बाजूच्या विंगमध्ये. थेंब घालून बसवलं असेल ना डोळे मिटून — मग वेळ आहे तुम्हाला. मलाही वेळ आहे. म्हणजे, वेळ नाहीये खरं तर, मी वर असायला पाहिजे. दाढा काढतायत तिच्या. दुधाच्या नाही हो, पक्क्या. — बघा, तुम्ही पण तेच तोंड केलंत! सगळे करतात. नऊ वर्षांच्या पोरीच्या पक्क्या दाढा काढतायत म्हटल्यावर माणूस आधी आईबापाकडेच बघतो.

तुम्ही बोलला नाहीत, पण मनात आलं असेल, चॉकलेटं चारली असतील, ब्रश कोण करून घेतंय आजकाल. माझ्या सासूबाईच बोलल्या, इथेच कोपरला राहतात, सरळ तोंडावर बोलल्या की लाडावून ठेवलंय पोरीला. तसं नाहीये काका. पोरीच्या दाढा आल्या त्याच खराब आल्या. सहाव्या-सातव्या वर्षी येतात ना, दुधाचा एकही दात न पडता गुपचूप सगळ्यांच्या मागे उगवतात त्या — वर दोन, खाली दोन — म्हणून तर आईबापाला वाटतं दुधाच्याच असतील. तर तिच्या त्या आल्याच पिवळट, डागाच्या, खडूसारख्या. चावलं की कण निघायचा. फ्रीजचं पाणी प्यायली की गाल धरून बसायची. ब्रश लावला की किंचाळायची, आणि आम्हाला वाटायचं नाटकं करते. डॉक्टर मॅडमनी सांगितलं, नाटक नाही, ठणका लागतो तिला. वरचं कवचच नीट बनलेलं नाही. ती तान्ही असताना दाढा आत हाडात बनत होत्या, तेव्हाच काहीतरी बिघडलं — ताप असेल, काहीही असेल, कधीकधी कारण सापडतच नाही. कुणाचा दोष नाही, असं बोलल्या. दोनदा सिमेंट भरलं, दोन्ही वेळा दाढेचा तुकडा घेऊनच बाहेर आलं. मग बोलल्या, आता काढलेल्याच बऱ्या. आज उजवीकडच्या दोन, वरची नि खालची. डावीकडच्या पुढच्या महिन्यात.

कुणाचा दोष नाही — ऐकायला बरं वाटतं. पण मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, माझंच तिला लागलं.

काही नाही. असंच.

ती बघितलीत, आत्ता रिक्षातून उतरून गेली? निळा ड्रेस, हातात पांढरा एप्रन गुंडाळलेला — ती माझी मिसेस. सोनल. स्टेशनजवळ मेडिकलमध्ये कामाला आहे. तिने मला बघितलं ना? तुम्ही इथेच होतात, सांगा ना. बघितलं, आणि सरळ जिना चढून गेली. तिला मी नाही बोलावलं, रिसेप्शनच्या मुलीने फोन लावला असेल — की तुमचे मिस्टर निघून गेले, मुलगी एकटी बसलीय खुर्चीत, या लवकर. असंच सांगितलं असेल, अजून काय सांगणार? मोठ्या तोंडाने सोनलला म्हटलेलं, तू खाडा नको करू, मी घेतो सुट्टी. कोलशेतला असतो मी, एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या गोडाऊनला, माल चढवणं-उतरवणं बघतो. एक दिवस मी नसलो तर काय आभाळ कोसळतंय. तिला म्हटलं, मी आहे ना! आणि आता ती वर, मी इथे तुमच्या शेजारी.

फोन नव्हता आलेला काका. तुम्ही विचारलं नाहीत, पण तुम्ही पाणी दिलंत, उगाच तुमच्याशी खोटं कशाला. कुणाचाही फोन नव्हता.

नाही हो, रक्ताला नाही घाबरत मी. गोडाऊनला एकाच्या पायावर पेटी पडलेली, अंगठा फुटला, मीच उचलून नेलेला त्याला. तसलं नाही. आणि हा हात — सवय आहे ती, बोलताना तोंडापुढे येतो आपोआप, तुम्ही मनावर घेऊ नका. मघापासून बघताय तुम्ही, म्हणून म्हटलं. दात जरा — माझे दात चांगले नाहीत. एवढंच.

एवढंच नाही ते. मी मोहनेचा. मूळ आम्ही साताऱ्याकडचे, पण मला गाव म्हणजे मोहनेच. वडील कंपनीत होते, कंपनीच्या चाळीत राहायचो. पाचवीत असताना खालची डावी दाढ दुखायला लागली, गाल हा एवढा सुजला. आईने लवंग धरायला दिली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, शेवटी बाजाराच्या दिवशी मला घेऊन गेली. तिथे एक दातवाला बसायचा. लाकडी खुर्ची, टेबलावर काचेची बरणी, बरणीत लोकांचे दात. त्याने बोट घालून बघितलं आणि बोलला, दुधाची आहे ताई, पडणारच होती, काढून टाकतो, नवीन येईल. आईला काय माहीत? आता नाही ती, लक्ष्मी नाव होतं तिचं, आयुष्यभर मिश्री लावली, तिला दातातलं काय कळणार. तरी तिने विचारलं हो, नक्की येईल ना? तो बोलला, पोराचं वय बघा ना, येणार नाही तर जाईल कुठे! मला दोन माणसांनी धरलेलं. सोडा ते. आईने ती दाढ कागदात बांधून घरी आणली आणि मी ती पत्र्यावर फेकली, नवीन दे नवीन दे करत, पोरं फेकतात तशी. आणि मग वाट बघत बसलो.

हसू नका — म्हणजे हसा, हसण्यासारखंच आहे. रोज सकाळी उठलो की जीभ लावून बघायचो. आज टोक लागेल, उद्या लागेल. चाळीतल्या पोरांच्या खिंडी भरत होत्या, माझी तशीच. आईला विचारायचो, ती बोलायची, येईल रे, कुणाकुणाला उशीर होतो. दोन-अडीच वर्षांनी उजवी पण गेली, तशीच दुखून, त्याच माणसाकडे. या वेळेला आईने काही विचारलं नाही आणि तोही काही बोलला नाही. त्यानंतर मग सगळं वेडंवाकडं होत गेलं, का होतंय ते मला कळायचं नाही. मागची दाढ तिरकी, वरची खाली लोंबायला लागली, फटीत घास अडकून शेजारचे दात किडले, ते काढले, मग पुढचे आत झुकले. मिशी ठेवली ती तेव्हापासून. चांगली दाट ठेवली.

लग्न कसं झालं विचारताय? मजेशीर आहे ते. सोनलला बघायला गेलेलो, मी तोंड उघडायचं नाही म्हणून हो-नाही एवढंच बोललो, तर तिच्या मामाने सांगितलं, पोरगा गंभीर आहे, खानदानी आहे, वायफळ बडबड नाही. लग्नात फोटोवाला ओरडतोय, हसा ना साहेब, हसा ना, तुमचंच लग्न आहे! — आणि मी असा, ओठ मिटून. आल्बममध्ये सगळीकडे मी रागावलेलो दिसतो. घरी जेवायला बसलो की मी आधी पोरीला भरवतो, सोनलला वाढतो, शेवटी माझं ताट घेऊन टीव्हीकडे तोंड करून बसतो. तिला वाटतं बातम्यांचं वेड आहे मला. भाकरी कालवणात बुडवून ठेवतो, म्हणतो, मला अशीच नरम आवडते. मटणाचा तुकडा तसाच गिळलाय मी कितीदा, पाण्याबरोबर, औषधाच्या गोळीसारखा. पेरू नाही, ऊस नाही, चिक्की नाही. गोडाऊनला साहेबांनी विचारलेलं, पार्ट्यांकडे जाशील का, ऑर्डर आणायला, ते काम जास्त मानाचं आहे. मी बोललो, नको साहेब, मला मालच बरा. साहेबांना वाटलं आळशी आहे. वाटू दे.

तिला सांगितलं का नाही? काय सांगणार हो? पहिल्या वर्षी सांगता आलं असतं कदाचित. मग वर्षं गेली की सांगण्यासारखं राहत नाही. ती इतकी नीटनेटकी — तुम्ही बघितलंत ना. एकदा अंधारात बोलली, तुम्ही कधी मोकळं हसत का नाही माझ्यासमोर? मी बोललो, स्वभाव आहे. कूस बदलून झोपली. तिला वाटत असेल की मला ती आवडत नाही. असं वाटत असेल का हो तिला?

एक सांगू, कुणाला बोलू नका. करोनात लोकांची काय हालत झाली, आमच्या बिल्डिंगमधली दोन माणसं गेली, आणि मला — मला मास्कचं बरं वाटायचं. मास्क लावून मी गोडाऊनच्या पोरांबरोबर खो-खो हसलोय. बसस्टॉपवर अनोळखी माणसाशी गप्पा मारल्यात. सगळे म्हणायचे कधी सुटतो हा मास्क, आणि मी आत तोंड उघडं ठेवून हसतोय. लोक मरत होते आणि मला असलं सुख. सांगायला पण लाज वाटते.

तर त्या डॉक्टर मॅडम. निशिगंधा नाव आहे, वयाने लहान आहेत, पण समजावतात छान. महिन्यापूर्वी त्यांनी मैथिलीचा एक्स-रे कॉम्प्युटरवर लावला, सगळा जबडा एकदम दिसतो त्यात, येणारे दात पण, हाडाच्या आत रांगेत बसलेले. मला आणि मैथिलीला दाखवतायत — ही तुझी खराब दाढ, आणि ही तिच्या मागची, अजून आत आहे, कळीसारखी, हिची मुळं आता कुठे फुटायला लागलीत. आत्ता आपण पुढची काढली तर ही आतल्या आत सरकत पुढे येईल आणि तिच्या जागेवर सरळ उगवेल. बारा-तेरा वर्षांची होशील तेव्हा शहाण्या माणसालाही कळणार नाही इथून काही काढलंय ते. मी विचारलं — असं तोंडावर हात ठेवून — आणि थांबलो तर? अजून दोन-तीन वर्षं काढली तर, मोठी होऊ दे म्हणून? तर बोलल्या, मग ती मागची तोवर जवळजवळ वर आलेली असेल. मग ती सरळ सरकत नाही, ती पुढच्या रिकाम्या जागेत कलंडते, बसमध्ये झोपलेला माणूस शेजाऱ्याच्या खांद्यावर कलंडतो ना तशी. आणि वरच्या दाढेला चावायला खाली काही उरत नाही, म्हणून ती खाली उतरत राहते. दात एकमेकांना धरून असतात, बोलल्या, भलत्या वेळी एक काढला की बाकीचे आपापली जागा सोडतात.

काका, ती डॉक्टर पोरगी माझ्याकडे बघत पण नव्हती हो, कॉम्प्युटरकडे बघून बोलत होती. आणि एकेक वाक्य माझ्या तोंडातलं. इतकी वर्षं मला वाटत होतं माझ्याच हाडात काही खोट आहे, मीच कमनशिबी — आणि हिने एवढ्याशा वेळात, हसत हसत, सांगून टाकलं. दुधाची नव्हतीच ती. येणार नव्हतीच. घरात शिरलेल्या चोरावर कुणी बॅटरी मारावी तसं झालं. आणि मैथिलीने विचारलं, असं वाकडं कुणाचं झालंय का? डॉक्टर बोलल्या, हो, खूप जणांचं. मैथिली बोलली, मग त्यांचं नीट होतं? त्या बोलल्या, होतं ना, वेळ लागतो, पण होतं. मी म्हटलं, चला चला, उशीर होतोय.

नाही, मी टाळलं नाही, ते पाप नाही माझ्या माथ्यावर. उलट ठाण्याला नेलं तिला, तारा लावणारे मोठे डॉक्टर आहेत, त्यांचंही मत घेतलं, ते पण बोलले, हीच वेळ आहे, आता नाहीतर पस्तावाल. सोनल घाबरलेली, रडत होती, पक्क्या दाढा कशा काढायच्या म्हणून. मीच तिला समजावलं. एक्स-रे धरून, कळी, मुळं, सगळं. बोलली, तुम्हाला बरं एवढं कळतं दातांतलं.

आणि आज — आज काय झालं सांगतो. तुम्ही कुठे मला परत भेटणार आहात.

तिला खुर्चीत बसवलं. ती खुर्ची वर जाते, खाली येते, पोरांना आवडतं ते, तिला पण आवडलं. मग डॉक्टर बोलल्या, चला, आ करा बघू. तर ओठ घट्ट. कितीही करा, उघडेना. रडत नाही, काही नाही, नुसती ओठ आवळून माझ्याकडे बघतेय. डॉक्टर बोलल्या, घाई नाही, आधी कुणाचे दात बघूया? या टेडीचे? तर मैथिली बोलली, पप्पाचे. डॉक्टर हसल्या. मैथिली परत, पप्पाचे बघा आधी, मग माझे. डॉक्टर बोलल्या, या पप्पा, बसा या स्टुलावर, नुसतं आ करायचं, आरसा फिरवते, तिला धीर येईल. बाजूला ती मदतनीस मुलगी, ती पण हसतेय. साधी गोष्ट हो! कुठलाही बाप बसला असता. दोन सेकंद तोंड उघडायचं. मी बोललो, माझं काय बघायचं, माझे ठीक आहेत. मैथिली बोलली, नाहीत ठीक, पप्पा तू बस ना. मी म्हटलं, गप बस, नाटकं नको. तर ती खुर्चीतून अर्धी उठली, माझी कॉलर धरून मला खाली ओढलं, आणि माझ्या ओठाला बोट लावलं. आ कर ना पप्पा, बोलली. हळूच लावलेलं. लहान बाळाला भरवताना लावतात तसं.

मी तिचा हात झटकला.

झटकला नाही काका. मारला. हातावर मारलं तिच्या, जोरात, आवाज आला खोलीत. आणि ओरडलो — स्वतःचं तोंड उघडायची हिंमत नाही आणि माझं बघतेस? — असं. एवढ्या मोठ्याने, बाहेर बसलेली पोरं गप्प झाली. कधी हात नाही उगारला हो मी तिच्यावर, शप्पथ सांगतो, कधीच नाही. ती रडली असती तर बरं झालं असतं. रडली नाही. हात मांडीवर ठेवला, दुसऱ्या हाताखाली झाकला, आणि मागे टेकून बसली. डॉक्टर आरसा हातात घेऊन तशाच उभ्या. त्यांना कळलं, मला दिसलं त्यांच्या डोळ्यात — ओरडताना तोंड उघडलं ना माझं. जे दोन सेकंद दाखवायचं नव्हतं ते दाखवूनच बसलो. आणि मग मी निघालो. चप्पल नीट घातली नाही, जिना कसा उतरलो आठवत नाही, खाली हा बाक दिसला, तुम्ही दिसलात, तुम्ही विचारलंत चक्कर आली का.

आता सोनलला सगळं सांगितलं असेल त्यांनी. सांगू दे. वर जायला पाहिजे हे कळतं मला, मी काय दगड नाही. पण वर जाऊन उभं कुठे राहायचं? पोरीला इंजेक्शन देताना तिने कुणाचा हात धरायचा, ज्याने मारलं त्याचा? सोनल आहे, बरं आहे. सोनल असली की बरंच असतं. मी तर म्हणतो, मी असाच इथून गोडाऊनला जावं, संध्याकाळी उशिरा घरी — नाही, तसं नाही, जाणार कुठे. बोलतोय आपलं. तुमच्या मिसेसना बघा ना, थेंब — नाही? अजून आहे वेळ?

थांबा. आली ती. ती बघा, जिन्यात. एकटीच आहे. एकटीच का आहे? बसा, बसा, तुम्ही उठू नका, प्लीज, बसा जरा —

सोनल. मैथिली कुठाय? — डॉक्टरकडे. बरं. झालं का? एक की — दोन्ही? एवढ्यात? मुळासकट? काही तुटलं-बिटलं नाही ना? — आणि रडली खूप? — नाही? अजिबात नाही? — मग तू का रडतेयस? अगं सगळे बघतायत. हे काका आहेत, यांच्या मिसेस डोळ्यांच्या... सोनल, मी मारलं तिला. सांगितलं ना त्यांनी? मी तुला सांगणारच होतो, मी —

काय? — काय बोलली डॉक्टरना?

परत सांग. — पप्पाचं आधी बघा. हो, ते मला माहितीये, माझ्यासमोरच — पुढे? — माझ्यापेक्षा त्याचं जास्त दुखतं. त्याच्या पण वाकड्या झाल्यात, चित्रात दाखवलेल्या तशाच. त्याला ओरडू नका.

असं बोलली? इंजेक्शनच्या आधी? मी गेल्यावर?

पण तिला कसं — मी तर कधीच तिच्यासमोर... रविवारी? मी दुपारी झोपलेलो असताना? मोबाईलची बॅटरी लावून माझ्या तोंडात बघायची? कधीपासून गं? — पहिलीत असल्यापासून. आणि तुला नाही बोलली. कुणालाच नाही बोलली. — पप्पाला आवडत नाही म्हणून. एवढीशी पोर, आणि तिने — सोनल, मला वाटलं ती टाळतेय. मला वाटलं स्वतःचं टाळायला माझं पुढे करतेय. ती मला घेऊन आलेली गं. ती मला दाखवायला घेऊन आलेली, आणि मी तिच्या हातावर...

नाही, येतो. येतो मी वर. तू हो पुढे, मी तोंडावर पाणी — काय?

इथे? अगं, इथे रस्त्यावर? रिक्षावाले आहेत, लोक जातायत. वर चल ना, घरी दाखवतो, संध्याकाळी, शप्पथ. — नको ना. सोनल, घाण आहे ते. तू बघितलंस की तुला — नाही, ओढू नकोस. थांब, हात काढतो मी, माझा मी काढतो. एक मिनिट दे.

काका, तुम्ही जरा तिकडे तोंड करून बसा.